मूळ देशाचा दाखला

मोझांबिकमध्ये पाऊस लांबला म्हणून इकडं मंठाळ गावात ज्याला जेवण जात नसे, असा माणूस साऱ्या जगात एकच होता: माझे साडू. कलबुर्गीच्या माझ्या डाळमिलमध्ये ते तुरीची पारख करत. दाणा दाढेखाली फोडला की तो कुठल्या देशाचा ते सांगत. एका लग्नात वरणाचा पहिला घास घेऊन त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "बर्म्याची हाय, पण शिजलीय चांगली." नवरीचा बाप पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

सरकारनं गरीब देशांशी करार करून तिकडच्या तुरीवरचा आयातकर माफ केला, तेव्हा सगळा बाजार चिडला. साडू तेवढे खूश. "तिकडंबी आपल्यासारखीच माणसं राबायलीत की आप्पा. येऊ द्या त्यांचा माल. फकस्त त्यांच्या नावानं विका." माल कुठं पिकला, त्याचा दाखला मालासोबत येई. तो दाखला साडू चष्मा पुसून, लग्नपत्रिका वाचावी तसा मोठ्यानं वाचत आणि हमालांकडून त्या देशाचं नाव पाठ करून घेत.

एका साली इकडची तूर वाळून गेली. साडू गावाकडं, मंठाळला गेलेले पाहून मी मोझांबिकची डाळ 'कलबुर्गी तूर' छापलेल्या पोत्यांत भरली. महिन्याभरानं हैदराबादचा व्यापारी त्याच पोत्यातली मूठभर डाळ घेऊन, ही कलबुर्गीची नव्हे म्हणत मिलमध्ये आला. अडते, हमाल, सगळे गोळा झाले. ज्या मालाला साडूंनी हातही लावला नव्हता, त्याबद्दल मी म्हणालो, "पारख आमच्या साडूंची. त्यांनाच विचारा."

साडूंनी डाळ चावली. माझ्याकडं पाहिलं. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "चुकलं माझं. दाताला आता कळंना झालंय."

माणसं पांगल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मिल बसली तर अक्कानं कुठं जावं?" अक्का म्हणजे माझी बायको, त्यांच्या बायकोची थोरली बहीण.

त्यानंतर बाजारात कुणी त्यांच्यापुढं दाणा धरला नाही. पंगतीत पडेल ते वरण ते मुकाट जेवत.

गेल्या वर्षी ते गेले. भेटायला गेलो तेव्हा मेव्हणीनं विचारलं, "दाजी, यांच्या दाताला खरंच कळंना झालतं का हो? घरी तर शेवटपर्यंत सांगायचे, माझ्या कानात."

मी चहा संपवला आणि उठलो.

त्यांना सारं कळत होतं. खोटा मी होतो. हे छापून आलं की मंठाळला जाऊन तिला वाचून दाखवणार आहे. ती मधेच उठून गेली, तरी शेवटपर्यंत वाचेन.