लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये रोज भेटणाऱ्या एकाही मैत्रिणीला नाही — हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुला सांगते. पण आधी आनंदाचं सांगू दे, कारण त्यात मी खरंच न्हाऊन निघाले होते!

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये आहे. आमचं ॲमस्टरडॅमला ऑफिस झालं आणि तिथल्या मॅनेजरांना भेदभावविरोधी कायदा शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुरकुरत वाचायला घेतलं — आणि काय सांगू, वेडच लागलं! समान कामाला समान पगार, हे कलम युरोपच्या करारात कित्येक वर्षं नुसतं शोभेला होतं. एका हवाईसुंदरीने ते कोर्टात नेलं, आणि सगळ्या बायांसाठी ते जिवंत झालं. एका बाईने! पोळ्या लाटतानाही मी नवऱ्याला हेच ऐकवायचे. आणि त्याहून भारी पुढचं. गरोदर आहे म्हणून बाईला नोकरी नाकारली, तर तो सरळ सरळ बाई म्हणून केलेला भेदभाव — कुठल्या पुरुषाशी तुलना करायची गरजच नाही. संशयाला जागा आहे एवढं तिने दाखवायचं. तसं नव्हतं हे कंपनीने सिद्ध करायचं. काय डोकं लावलंय!

मी चक्क टाळी वाजवली. आणि मग — मग शुभांगी आठवली.

शुभांगी नागपूरची. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे इंटरव्ह्यूला आली होती. आधीची नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली. ही नोकरी हुकली तर तिला परत जावं लागणार, हे मला ठाऊक होतं. लग्न, मुलंबाळं असलं काही विचारायचं नाही, हे इथे अमेरिकेतही आम्हाला पाठ असतं. इंग्रजीत मी ते कधीच विचारलं नाही. पण मराठी माणूस भेटला की आपण काय करतो? मूळचे कुठले, घरी कोण कोण — कुणाला खटकतं का त्यात? तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "चेहऱ्यावर काय तेज आलंय गं! काही गोड बातमी?"

ती लाजली. "ताई, तुम्हाला म्हणून सांगते हं. सासरी पण अजून सांगितलं नाहीये."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती माया खोटी होती का? अर्धी खरी होती, आणि तेच वाईट. परत जाऊन पॅनेलला सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण आपल्या टीममध्ये रुळेलसं वाटत नाही. ऐन रिलीजच्या वेळी ही रजेवर जाणार, हे मनातच ठेवलं. दोन बाळंतपणं याच कंपनीत निभावलेली मी! शुभांगी नागपूरला परत गेली.

गेल्या महिन्यात ॲमस्टरडॅमचं ट्रेनिंग मी व्हिडिओ कॉलवर घेतलं. इतकी रंगले होते की वेळेचं भान राहिलं नाही. लोक खूश! सगळे निघून गेले, एक चेहरा तेवढा थांबला. शुभांगी. तिकडे नुकतीच मॅनेजर म्हणून लागली होती. तुमच्याकडची माणसं मायेची, म्हणून मुद्दाम इथेच अप्लाय केलं, म्हणाली. मला खरंच आनंद झाला, अगदी भरून आलं. मग जरा घुटमळली. "ताई, एक विचारू? तेव्हा माझं एक्झॅक्टली काय चुकलं हो? अजून कधी कधी ती उत्तरं डोक्यात फिरतात."

सांगायची संधी याहून चांगली कधी मिळणार होती? नुकताच तासभर सगळा कायदा मीच शिकवला होता. आणि मी म्हणाले, "काही नाही गं, थोडा कॉन्फिडन्स कमी पडला."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि आभार मानून गेली.

तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पॅनेलमधल्या बाकी सगळ्यांनी तिला हो म्हटलं होतं. नाही म्हणणारी मी एकटी होते.