ईस्टरचे मांडे

जळगावला नोकरीला लागल्यापासून दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे ईस्टरला काय, रंगीत अंडी ना? आणि केक?" पूर्वी मी हसून मान हलवायचे. आता सरळ सांगते, आमच्याकडे मांडे असतात. खापरावरचे, पुरणाचे, चांगले हातभर रुंद. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. अरे बाबांनो, चर्चला जातो म्हणून खानदेशी जीभ काय वेशीबाहेर ठेवून आलो आम्ही? चॉकलेटची अंडी एकदा पुण्याच्या आत्याने आणली होती. एप्रिलचं ऊन आणि एसटीचा प्रवास. पिशवीतून जो गोळा निघाला तो आम्ही चमच्याने खरवडून खाल्ला, आणि त्यानंतर कुणी अंड्यांचं नाव काढलं नाही.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमधलं. ख्रिस्ती घरं मोजकीच. येशू कबरेतून उठला तो हा दिवस, म्हणून ईस्टरला भल्या पहाटे सगळे कब्रस्तानात जमतात. उजाडता उजाडता ढोलकी आणि टाळांवर भजनं होतात, प्रार्थना होते, आणि उपासना संपली की अख्खी मंडळी चालत आमच्या अंगणात जेवायला येते. मांडे माझी माय करते. ती ते शिकली समोरच्या अक्कांकडून. अक्कांचं घर हिंदू, शेतकऱ्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांच्या चुलीपुढे माय बसते, ईस्टरला मायच्या चुलीपुढे अक्का. पण दोघींचा एक नियम आहे. पाहुणीने फक्त लाटून द्यायचं. हातावर घेऊन खापरावर टाकायचं ते ज्या घरचा सण त्या घरच्या बाईनेच.

आता हातावर घेणं म्हणजे काही गंमत नाही. लाटलेली पुरणाची पोळी या हातावरून त्या हातावर फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायची, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद पसरायची. दोन्ही हात खांद्यापासून मोकळे लागतात. आणि गेल्या वर्षी मायच्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली.

धुळ्याला ऑपरेशन झालं, काखेतल्याही गाठी काढल्या. घरी आली तेव्हा तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला ओझं नको, आणि चटका तर मुळीच नको, हात कायमचा सुजेल. पुढे केमो झाली, केस गेले, तरी बाई रडली नाही. रडली ती एकदाच. अक्का भेटायला आल्या होत्या आणि प्रेमाने बोलून गेल्या, "आते तू फक्त बसी राय, ईस्टरना मांडा मी टाकसू." अक्का घरी गेल्यावर मायने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "म्हणजे मी आता नावापुरती या घरची."

मी आपली उगाच भांडी आवरत बसले.

यंदा ईस्टर जवळ आला तसा माझ्या धाकट्या भावाने परस्पर मार्ग काढला. चोपड्यात बचत गटाच्या बाया ऑर्डरप्रमाणे मांडे करून देतात. त्याने तिथे सांगून ठेवलं आणि मायला शनिवारी दुपारी कळवलं. झालं! मायने परात आपटली.

"मी काय मरी गयी का?"

"अगं, डॉक्टर काय म्हणालेत..." भाऊ म्हणाला.

"डॉक्टरला विचारलंय मी. पोळ्या करा म्हणाला."

मी उडालेच. डॉक्टर तिकडचे, लातूरकडचे. त्यांनी बिचाऱ्यांनी तव्यावरची चपाती डोळ्यांपुढे आणली असणार. मायने खापराचा उल्लेखच केलेला नव्हता. मी तसं म्हटलं तर म्हणते कशी, "पोळीच शे ना ती!" असा संताप आला मला, आणि हसूही. मी म्हटलं, चटका बसला, हात सुजला, तर निस्तरणार कोण? ती म्हणाली, "चल, दाखवते," आणि मला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली.

भिंतीवर पिठाच्या बोटांचे ठसे होते. खालपासून वर, एकावर एक. दवाखान्यातल्या बाईने तिला व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. आमच्या मायने तो कणीक मळून झाल्यावर, पीठ लागलेल्या हाताने केला होता, म्हणजे काल कुठवर गेलो ते कळावं. सगळ्यात वरचा ठसा माझ्या डोक्याच्याही वर होता. मागोमाग आलेला भाऊ म्हणाला, "मी म्हटलं पोरांनी भिंत खराब केली, दोनदा पुसली मी ती." मायने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट अंगणात गेला आणि चुलीसाठी लाकडं फोडायला लागला. ऑर्डर मात्र त्याने रद्द केली नाही. हुशार आहे तसा.

रविवारी कब्रस्तानातून परतलो तेव्हा चूल पेटलेली होती. अक्का पोळपाट घेऊन बसल्या होत्या. मंडळी ओळीने केळीच्या पानांपुढे बसली. पाळकांनी प्रार्थना केली. मायने डाव्या हातावर माझ्या भावाच्या जुन्या सुती शर्टाची बाही चढवली होती, चटका लागू नये म्हणून. पहिली पोळी तिने उचलली, फिरवली, आणि डाव्या कोपराशी ती फाटली. पुरण चुलीपुढच्या राखेत पडलं.

अक्कांचा हात नकळत पुढे आला. मग त्यांनी तो स्वतःच मागे घेतला आणि दुसरी पोळी लाटून पुढे केली. या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

दुसरी पोळी मायने घाई न करता घेतली. उजव्या हातावर जास्त वेळ, डाव्यावर कमी, असं फिरवत फिरवत. कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता. मांडा वाढत गेला, पातळ झाला, त्यातून पलीकडचा जाळ दिसायला लागला, आणि तो खापरावर सपकन बसला. एक सुरकुती नाही! ढोलकीवाल्या काकांनी तिथेच मांडीवर थाप मारली. मी आपली उभ्या उभ्या रडतेय. एवढा अभिमान मला माझ्या नोकरीच्या नेमणूकपत्राचाही वाटला नव्हता.

असे तिने थोडेच केले. प्रत्येक पानावर एकेक चतकोर जाईल इतके. मग डावा हात भरून आला तशी ती आपण होऊन उठली, बाही काढली, हात गार पाण्यात धुतला. कुठे लाल झालेला नव्हता. मी दोनदा उलटसुलट करून पाहिला.

तेवढ्यात चोपड्याची रिक्षा दारात थांबली. भाऊ डबे उतरवून खाली मान घालून उभा राहिला. आता हिच्यापुढे हे कसे काढायचे, ही त्याची पंचाईत. मायने एक डबा उघडला, मांडा उचलून उजेडात धरला, कडा बघितल्या.

"बरे आहेत," म्हणाली. "वाढ. लोकं भुकेली बसलीत."

भाऊ सुटल्यासारखा डबा घेऊन पानांकडे वळला, तशी मायने मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"पण विकतना शेतस, असं सांगीसन वाढ! नही ते लोके म्हनतीन, ऑपरेशनमा हात बिघडना मन्हा."