एकाच वर्गातल्या दोन पदव्या

फाळणीनंतर कराचीच्या बंदरात बोटीवर चढताना अण्णा आईला म्हणाले, "भांडीकुंडी राहू दे. पोरांच्या पदव्या तेवढ्या घे. त्या कुठेही चालतील."

दादा आणि मी एकाच कॉलेजात, एकाच सरांकडे गणित शिकलो. दादाच्या वेळी कराचीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. माझ्या परीक्षेआधी सिंधचं स्वतंत्र विद्यापीठ निघालं आणि माझ्या पदवीवर त्याचा शिक्का आला. मला पहिला वर्ग मिळाला, दादाला दुसरा.

इकडे आम्हाला कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातली बराक मिळाली. त्या कॅम्पालाच पुढे उल्हासनगर म्हणू लागले. आम्ही कराचीचे मराठी. सिंधी शेजारणी आम्हाला इथलेच समजायच्या आणि कल्याणचे मराठी लोक सिंधी. दादाला अंबरनाथच्या कारखान्यात लगेच नोकरी लागली. मी तिथल्याच एका शाळेत नोकरी मागायला गेले. हेडमास्तरांनी माझी पदवी दोन बोटांनी उचलली.

"बाई, हे विद्यापीठ पाकिस्तानातलं ना? त्याला इथे कोण विचारतं?"

"पण सर, मी शिकले तेव्हा पाकिस्तान नव्हतंच."

"शिक्का तर आहे."

अण्णांना हे कळलं तेव्हा ते नुसते म्हणाले, "परत परीक्षा दे." मी दिली, मुंबईची. तीच पुस्तकं, तीच गणितं. बराकीत गोणपाटाच्या पडद्यापलीकडे दुसऱ्या बिऱ्हाडाची भांडणं चालायची आणि इकडे मी पाठ असलेलंच पुन्हा पाठ करायची. या वेळी दुसरा वर्ग आला. हेडमास्तर खूश झाले. म्हणाले, "आता कशी खरी पदवी मिळाली!"

पुढे शेजारच्या सावित्रीबेनचा भाऊ कराचीहून आला. माझी वर्गमैत्रीण झुबेदा तिथेच राहिली होती; तिची बातमी त्याच्याकडून कळली. माझ्यासारख्याच पदवीवर ती कॉलेजात शिकवत होती. तिच्या थोरल्या भावाची पदवी मात्र मुंबईची. मुलाखतीत त्याला विचारलं होतं, "हिंदुस्थानची डिग्री? आपल्याकडची नाही का?"

हे ऐकून दादा हसला. मला हसू आलं नाही. झुबेदा, तुझ्या भावाला सांग, मला आणि दादाला एकाच सरांनी शिकवलं होतं, हे आता दोन्हीकडे कुणाला पटत नाही.

आता अंबरनाथ पूर्वेला माझी स्वतःची खोली आहे. नवी माणसं विचारतात, "बाई, तुमचं गाव कुठलं?" मी अंबरनाथ सांगते. कराची म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग दाराकडे, जणू मी परत तिकडे जायची आहे.