गाडीची हळद

डिझेलची चव कशी असते ते मला विचारा. जिभेवर आलं की आधी नुसतं गुळगुळीत लागतं, काही वाटत नाही. मग ते घशात उतरतं आणि तिथंच बिऱ्हाड करतं. भाकरी खाल्ली तरी डिझेल, चहा प्यायला तरी डिझेल, ढेकर आला तरी तेच. आमच्या जुन्या पिकअपपायी हे सगळं मी भोगलं. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा वीट आला, पण किळस म्हणावी अशी त्या गाडीचीच आली.

गाडी मुळात गावच्या दूध संस्थेची. संस्थेनं ती खड्ड्याखड्ड्यांतून आदळून खिळखिळी केली, दुरुस्तीला कंटाळून संचालकांनी मोडीत काढली, ती माझ्या नवऱ्यानं घेतली, आणि दिंद्रुडकडं दूध पोचवायचं काम फिरून तिलाच मिळालं. म्हणजे गाडी तीच, दूध तेच, खड्डे तेच. फक्त बिघाड तेवढा संस्थेचा होता तो आमचा झाला. दारांवरची संस्थेची अक्षरं नवऱ्यानं पत्र्याच्या तुकड्यानं खरवडली, तर आजूबाजूचा रंग निघाला आणि अक्षरं राहिली. हौद्यात वर्षानुवर्षं दूध सांडून फटीफटीत मुरलेलं होतं. पहिल्या दिवशी मी राख आणि चिंच लावून अख्खा हौदा घासला. सावलीत उभी होती तोवर ठीक होतं. उन्हात नेली आणि वास परत उठला, तान्हं लेकरू दूध ओकतं तसा. आईला लेकराच्या ओकारीची घाण वाटत नाही म्हणतात, पण ही काही माझं लेकरू नव्हती.

तरीही ती मला हवी होती, आणि ते का ते सांगायला पाहिजे. लग्न झाल्यापासून आठ हंगाम मी ऊस तोडायला गेले. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. माणसं मोजायचीच नाहीत, कोयते मोजायचे. त्या हिशेबानं मी अर्धा कोयता. पाचटाच्या खोपीत निजायचं, उसाच्या पानांनी अंग चिरून घ्यायचं, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. आठव्या हंगामात मी त्या फळीवरून मोळीसकट खाली आले. कंबर धरून तशीच पडल्या पडल्या नवऱ्याला म्हणाले, "पुढल्या साली मला इथं आणलं तर मी माहेरी निघून जाईन, आन् परत यायची न्हाई." त्यानं ते मनावर घेतलं. गाडी दारात आणून उभी केली त्या दिवशी बॉनेटवर हात आपटून म्हणाला, "ही चालतीया तवर तुझ्या हातात कोयता न्हाई."

ती चालतीया तवर! म्हणजे बघा, जिचं तोंड बघू नये वाटायचं तिचाच जीव मला सांभाळायचा होता.

आणि चालायचं तर तिच्या अंगात अजिबात नव्हतं. सकाळी सकाळी सेल्फ मारला की ती म्हाताऱ्यासारखी नुसती खाकरायची आणि गप्प व्हायची. मग नवरा आत स्टेअरिंगला आणि ढकलायला मी. शेजारीच माझी धाकटी जाऊ राहायची. दीर आणि ती अजून दर साल तोडीला जायचे, पण गावात असेपर्यंत ती रोज हात लावायला यायची. पदर खोचत विचारायची, "उठली का, बाई, तुमची सवत?" दोघी जावा दात-ओठ खाऊन ढकलायचो. गाडी हिसका देऊन सुरू व्हायची आणि काळ्या धुराचा सगळा लोट आमच्या तोंडावर सोडून पुढं जायची. थुंकलं तर थुंकीसुद्धा काळी. जाऊ हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, लई संताप यायचा.

बरं, गॅरेजला न्यायची म्हटली की नवऱ्याच्या कपाळाला आठ्या. मग दुरुस्तीचं सामान कुठून यायचं? माझ्या घरातून. डिझेलची टाकी झिरपायला लागली, तर माझा अंगाचा साबण त्या भेगेवर घासला. झिरपणं थांबलं, खोटं कशाला बोलू, पण उरलेल्या वडीनं अंघोळ केली की अंगाला डिझेल माखल्यासारखं वाटायचं. टाकीच्या तळाशी गंज साचला, तर डिझेल गाळायला माझं विरलेलं पातळ फाडलं. आणि रेडिएटर गळायला लागला तेव्हा तर कमाल झाली. नवरा थेट चुलीपाशी आला, हळदीचा डबा उघडला आणि चांगली मूठभर घेऊन चालता झाला.

मी ओरडले, "अवो, ती भाजीला ठेवलीया!"

"रेडिएटरात टाकायची हाय," तो म्हणाला. "पाण्याबरोबर फिरती आन् भोकात जाऊन बसती. सगळे डायवर टाकत्यात."

आणि खरंच बसली की. गळती थांबेपर्यंत बॉनेटखालून पिवळं पाणी टिपकत होतं, ते बघून जाऊ म्हणाली, "अगं बाई, हळद लागली की गाडीला! आता लगीन कवा?" त्या दिवसापासून आमच्या कालवणाचा रंग उतरला. हळदीची एक पुडी कायमची गाडीत राहिली, स्टेअरिंगशेजारच्या खणात. वडवणीच्या बाजारातून हळद आणायची ती आधी गाडीची, मग घरची.

हे सगळं चाललं होतं ते पाऊस असताना. मग एका साली पावसानं पाठ फिरवली आणि गाडीनं माझं पाणीही मागायला सुरुवात केली. टँकर यायचा तेव्हा हंडे-कळशांची झोंबाझोंबी करून मी टिपाड भरायचे. त्यातला पहिला तांब्या देवाला नाही, पोरांना नाही, रेडिएटरला. बोअरचं पाणी तर त्यात चालायचंच नाही म्हणे, खारं असतं, आत क्षार धरतात. आम्ही तेच बोअरचं पाणी पीत होतो. आमच्या आत काय धरत होतं याची कुणाला फिकीर नव्हती.

त्याच उन्हाळ्यात एकदा दिंद्रुडच्या अलीकडं गाडी बंद पडली. मी बरोबर होते, कारण एकट्या माणसाला तिची दुरुस्ती व्हायचीच नाही. मागं दुधाचे कॅन, डोक्यावर ऊन. डिझेलच्या पाइपात गंज अडकला होता आणि पंपानं हवा धरली होती. पाइप सोडून तोंडानं फुंकायचा आणि मग तोंडानंच डिझेल ओढून आणायचं, एवढाच उपाय. नवऱ्याच्या तोंडात तंबाखूचा बार होता. तो थुंकायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून पाइप माझ्या तोंडात. मी ओढलं, घशात गेलं, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. मग छोट्या हातपंपाचं बटण मी दाबत राहिले आणि तो वरचा नट सैल करून बघत बसला. आधी फेस येतो, फसफसत. फेस संपून निखळ डिझेल आलं की नट आवळायचा. हे मला झोपेतसुद्धा जमलं असतं.

तेवढ्यात संस्थेचे एक संचालक मोटारसायकलवरून आले. पांढरेशुभ्र कपडे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "दूध नासलं तर संस्थेवर येणार न्हाई हां. आदीच सांगून ठिवतो."

त्यांच्याच गोठ्यातल्या दुधात किती पाणी असतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण दुधात घालायला ते कुठून तरी मिळायचंच. मी तोंडातलं डिझेल थुंकले. ते त्यांच्या पायापासून हातभर लांब पडलं, तेवढी मर्यादा पाळली.

दिवाळीच्या सुमारास दूधच संपलं. कुणाची जनावरं छावणीत गेली, कुणाची बाजारात. कॅन अर्धे यायला लागले, मग नुसते तळाशी खुळखुळायला लागले. संचालकांची बैठक बसली, चहा झाला, आणि दूध गोळा करणं तूर्त बंद असा ठराव झाला. गाडी दारात उभी. नवरा ओट्यावर बसून नुसता तिच्याकडं बघायचा आणि मी त्याच्याकडं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला न सांगता कळत होतं. गावातली बिऱ्हाडं तोडीला जायची बांधाबांध करत होती. मुकादम घरोघरी फिरत होता आणि आमच्या दारावरून जाताना जरा थांबून जायचा.

मग मी काय करावं? जिच्या नावानं बोटं मोडायची तिला मी दिवसाआड सुरू करून बघायला लागले, बॅटरी उतरू नये म्हणून. टायर पुसायचे. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून बॉनेटखाली डांबरगोळ्या टाकायचे. तिला हात लावला की अंगावर शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी मी परत हात लावायचे.

एक दिवस मुकादम आत आला. कोयता मागायला नाही, गाडी मागायला. ट्रकमध्ये न मावलेली काही बिऱ्हाडं त्याला सोलापूरकडच्या फडावर पोचवायची होती, आणि पुढंही हंगामभर सामानाची ने-आण होती. त्यानं विचारलं, "धारूरचा घाट चढंल का पर ही?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"चढंल," मी म्हणाले. "न चढायला काय झालं?"

त्या दिवशी मी घरात हरखून गेले होते. चालतीया, म्हणजे माझ्या हातात कोयता नाही. यापलीकडचं मी काही बघितलंच नाही.

निघायच्या दिवशी गाडीत बिऱ्हाडं चढली. बोचकी, पत्र्याच्या पेट्या, एक शेळी, पाण्याच्या कळशा. त्यांत दीर आणि जाऊ. आमचं सामान नव्हतं. मी पुढं नवऱ्याशेजारी. जावेनं धाकट्या पोरीला सासूबाईंपाशी ठेवलं होतं. पोरगी निरोप द्यायला पुढं आलीच नाही, गोठ्याच्या मागं जाऊन बसली. जाऊ हाका मारून मारून थकली, शेवटी चढली.

घाटाच्या मधल्या वळणावर इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल खुणेच्या पार गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. जुनीच जागा परत गळायला लागली होती. आमचा पाण्याचा कॅन खालीच रिता झाला होता. नवरा म्हणाला, "मागं बायकांच्या कळशा हायती. आण एक मागून. आपलीच मानसं हायती."

मी मागं गेले. जाऊ फाळक्याला टेकून बसली होती. कळशी मांडीत, वर ताटली, ताटलीवर हात.

"एवढी कळशी दे गं," मी म्हणाले. "गाडी तापलीया."

तिनं माझ्याकडं बघितलं. सवतीवरून चिडवणारी जाऊ नव्हती ती.

"बंद पडू द्या की, बाई," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कावून गं?"

"पडू द्या बंदच. आजच्या रातीला तरी माघारी जाऊ. माझ्याबिगर निजत न्हाई पोरगी."

मी तिथं हात पुढं करून उभी. या गाडीसाठी मी साबण दिला, हळद दिली, पोरांच्या तोंडचं पाणी दिलं, डिझेल प्याले. ती बंद पडावी असं मनापासून कुणाला वाटत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या क्षणी मला गाडीची किळस आली नाही. माझ्या पुढं केलेल्या हाताची आली.

तो मागं घेता आला असता. पण गाडी इथं बसली तर मुकादम तिला पुन्हा विचारणार नव्हता, आणि मग पुढल्या खेपेला कोण कोयता होणार ते मला ठाऊक होतं. जावेलाही ठाऊक होतं. तिनंच ताटली काढली आणि कळशी उचलून माझ्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमची तरी सुटका हुंद्या."

गाडी निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी कळशी रेडिएटरात ओतली, खणातली पुडी काढली आणि हळद टाकली, नेहमीपेक्षा जास्तच. नवऱ्यानं चावी फिरवली. रोज सकाळी जिनं आम्हा दोघी जावांना छळलं होतं, ती गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. ढकलायला कुणाला उतरावंसुद्धा लागलं नाही.