जल्लादाची नव्हे, सुताराची नात

जुन्या तुरुंगामागच्या गल्लीत शिलाईवालीचं घर होतं. नगरपालिकेने गोऱ्या साहेबांच्या काळातल्या इमारतींचा नकाशा छापला. तो हातात धरून ज्याने त्याने आपलं आपण गाव बघायचं. तिच्या दाराशेजारी पाटी लागली : ‘येथे तुरुंगाचा जल्लाद राहत असे.’

तिचे आजोबा तुरुंगात सुतार होते. दारं, खाटा, स्टुलं. बस्स.

लोक दारापुढे जीभ बाहेर काढून फोटो घेऊ लागले. शेजारीण कापड परत न्यायला आली. ‘‘लग्नाचे कपडे आहेत गं. या घरातून नकोत.’’

वडील ऐंशीचे. वर्षानुवर्षं ते पायरीवर बसत आणि कुणी ढुंकून बघत नसे. आता अनोळखी माणसं वाकून विचारत, ‘‘जल्लाद तुमचे वडील का?’’ आधी ते नाही म्हणाले, मग गप्प बसले. एके दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या कानावर आलं, ‘‘माझा बाप एका झटक्यात काम तमाम करायचा!’’ बाहेर टाळ्या पडल्या.

‘‘बाबा, खोटं कशाला बोलता?’’

‘‘लोक बसून ऐकतात माझं. तुला कधी वेळ होता?’’

तिने ट्रंकेतून आजोबांचा नेमणुकीचा कागद शोधला आणि नगरपालिकेत खेटे घातले. कारकून म्हणाला, ‘‘राहू द्या की बाई. सुताराच्या घरापुढे कोण थांबणार?’’ ती हटली नाही. सहा महिन्यांनी पाटी निघाली, नव्या नकाशातून गल्लीच वगळली.

वडील धुतलेला सदरा घालून पायरीवर बसत. चुकून आलेल्या एका जोडप्याला ते म्हणाले, ‘‘थांबा, सांगतो.’’

‘‘इथे काही नाहीये, आजोबा,’’ बाई नकाशा बघत म्हणाली.

ते आत आले आणि त्यांनी तो नेमणुकीचा कागद टराटरा फाडला. ‘‘सुतार करून टाकलंस माझ्या बापाला!’’

‘‘ते सुतारच होते.’’

‘‘मला माहीत नाही होय?’’

त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचे. वर्षभर असं चाललं. मग त्यांनी अंथरूण धरलं. अंग पुसताना तिला हुंदका आवरेना.

‘‘बाबा, एक शब्द तरी बोला.’’

त्यांनी डोळे उघडले. ‘‘माझा बाप खरंच जल्लाद असता, तर त्याला म्हणालो असतो, हिच्यापासून सुरुवात कर.’’

आठवड्याने ते गेले. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. शेजारीणही आली, नातीचं झबलं घेऊन. ‘‘फार मायाळू होते हो तुझे वडील,’’ ती म्हणाली.

शिलाईवालीने मशीन सुरू केलं.