मुका धैवत

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला साकोलीतली ती तालीम आठवते. आमच्या नाटक कंपनीची गाणी वर्षानुवर्षं मीच पेटीवर बांधायचो, पण त्या हंगामात कंपनीनं लॅपटॉपवाला एक तरुण संगीतकार आणला आणि मला नुसतं पेटीवर बसवलं. "मास्तर, तुमची जुनी चाल वाजवा न जी," तो म्हणाला, आणि मी वाजवत गेलो तसा तो सॉफ्टवेअरमध्ये स्वरलिपी भरत गेला. माझ्या पेटीचा धैवत बंद पडला होता. अंतऱ्यात तो सूर यायचा तिथं नुसती शांतता. त्यानं तिथं विराम टाकला. मला दिसलं, पण म्हटलं, फसू दे लेकाला. मग लॅपटॉपनं तीच चाल बासरीत वाजवली, आणि माझ्या चालीवर कधीही मान न डोलावलेली आमची नायिका म्हणाली, "अवं माय, या जागेवर त श्वासच थांबते! कोनाले सुचली जी?" त्यानं छापलेला कागद माझ्या हातात दिला. "मास्तरायलेच." मी तो कागद घडी करून खिशात घातला. पेटी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. तरी ते गाणं आलं की आजही धैवतावरचं बोट मी स्वतःच उचलून धरतो, आणि त्या लॅपटॉपवाल्या पोरावर जळतो.