नळीवरचा गाबोर

न्यू जर्सीच्या शेतकी कॉलेजात, तळघरातल्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुवायचे आणि इलोना मातीतली बुरशी वाढवायची. तिचा धाकटा भाऊ गाबोर बोड्नार क्षयाने वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी क्षयाच्या जंतूंना मारणारी बुरशी नेमकी तिच्याच हाताला लागली.

ज्याला बुरशी सापडेल त्याने तिच्या काचनळीवर आपली आद्याक्षरं लिहायची, हा आमच्याकडचा नियम. इलोनाने भावाची लिहिली, जी. बी.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? स्वतःची लिही!" मी ओरडले.

"मावशी, त्याला औषध नाही मिळालं. औषधावर नाव तरी असू दे."

पुढे त्या बुरशीचं औषध जगभर गेलं आणि शोध कुणाचा यावरून आमचे प्रोफेसर आणि त्यांचा विद्यार्थी कोर्टात एकमेकांच्या उरावर बसले. मेल्यांनी आयुष्यात एक नळी विसळली असेल तर शपथ! वर्षभर दोघांचं एका शब्दावर जमलं नाही.

शेवटी न्यायाधीशांनी ती नळी उचलली. "हा जी. बी. कोण?"

मी शेजारी बसलेल्या इलोनाला कोपराने ढोसलं. "बोल ना गं!"

ती उभी राहिली. तेवढ्यात प्रोफेसर म्हणाले, "या नावाचं आमच्याकडे कुणी नाही."

विद्यार्थ्यानेही मान डोलावली. "खरंय. कुणी नाही."

वर्षात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

इलोना हळूच खाली बसली.

"खरंच बोलतायत ते, मावशी," ती म्हणाली. "गाबोर नाहीये."